गडबच्या पोपटीतली ठेच

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे वर्क्स मॅनेजर श्री. महिपती गायकर साहेब, प्रमुख पाहुणे आणि युनियनचे अध्यक्ष श्री. काळुराम ठाकूर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती श्रीमती हौसाबाई मढवी, निडीहून आलेली त्यांच्या घरची मंडळी, स्टोअर, लॅब, प्लांट आणि ड्रम वॉशिंगमधले माझे जुने सोबती, बंधू आणि भगिनींनो,

सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना ‘सुरक्षिततेचं व्रत घेतलेला अधिकारी’ असे शब्द वापरले. शब्द छान आहेत. ते मला किती लागू पडतात याचा निर्णय आपण माझं भाषण संपल्यावर करावा. मी दिनानाथ कर्णिक, राहणार पेण. सात वर्षांपूर्वी, म्हणजे २००१ साली, या कंपनीतून सेफ्टी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. नव्या मुलांनी मला पाहिलेलं नाही, पण माझ्या सहीचे बोर्ड अजून भिंतींवर आहेत. ‘येथे धूम्रपान करू नये’ या बोर्डाच्या खिळ्याला कुणीतरी बिडीचं थोटूक खोचून ठेवलेलं आत येताना पाहिलं. परंपरा टिकून आहे, पाहून बरं वाटलं.

मला दहा मिनिटं दिली आहेत. आमंत्रण घेऊन आलेले तरुण अधिकारी म्हणाले होते, “साहेब, दोन शब्द बोला, हलकंफुलकं.” ते हलकंफुलकं काळुरामजींनी माझ्याआधीच उरकून टाकलं. गडबच्या पोपटीची गोष्ट त्यांनी रंगवून सांगितली. कर्णिक साहेब कसे धावत आले, कशी त्यांना ठेच लागली, आणि सगळी पोपटी कशी मातीत गेली! आपण पोट धरून हसलात. मीही हसलो. सोळा वर्षं मी या गोष्टीवर हसतो आहे. दिवाळीच्या फराळाला, युनियनच्या जेवणाला, माझ्या स्वतःच्या निरोप समारंभातसुद्धा ती सांगितली गेली आणि मी प्रत्येक वेळी मान खाली घालून हसलो.

आज तीच गोष्ट मला पुन्हा सांगायची आहे. काळुरामजी, रागावू नका. आपण सांगितलीत ती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. ती माझ्याकडूनच आपल्यापर्यंत आली आहे, आणि मी ती अर्धीच दिली होती.

सत्कारमूर्तींबद्दल आधी बोललं पाहिजे, रीत तशी आहे. हौसाबाई या कंपनीत लागल्या त्या पंचाहत्तर साली, ड्रम वॉशिंगला. रिकामे ड्रम आणि डबे यायचे, ते धुऊन, उपडे घालून, वाळवून भंगारात द्यायचे. कंपनीत या कामाला काम म्हणत नसत. साहेब लोकांच्या फेऱ्या व्हायच्या त्या प्लांटमध्ये, मागच्या पाण्याच्या हौदाकडे कुणी फिरकत नसे. हौसाबाईंना अक्षर येत नाही. त्या आजही अंगठा देतात. पण आमच्या स्टोअरच्या यादीत नव्हतं ते त्यांच्याकडे होतं, आणि ते कसं, हे नव्या मुलांनी नीट ऐकावं.

डबा तीन पाण्यांनी धुऊन झाला की चौथं पाणी त्या गटारात टाकत नसत. हौदाच्या पलीकडे बांधावर मुंग्यांची वाट होती, तिथं ओतायच्या आणि थांबायच्या. मुंग्या वळसा घालून पुढे निघाल्या, तर त्या डब्यावर गेरूची एक रेघ. हा डबा धुतला की झाला. मुंग्या तिथल्या तिथे आखडल्या, तर गेरूच्या दोन रेघा. हा डबा कितीही धुवा, धुतला जात नाही. एकदा मी विचारलं होतं, असं का? तर म्हणाल्या, “साहेब, बुडाला पत्रा दुमडलेला हाय नं, त्या दुमडीत माल बसतो. साबन तितं जात नाय.” मी रसायनशास्त्राचा पदवीधर. डब्याच्या तळाला दुमड असते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा वाकून पाहिलं.

आणि दोन रेघांच्या डब्याचं त्या काय करत? छिन्नी घेत, हातोडा घेत, आणि तळाला भोक पाडत. कारण रोह्याच्या बाजारात कंपनीचे डबे विकत मिळत, हे आपल्याला ठाऊक आहे. पाण्याला, तांदळाला, वालाला, कोंबड्यांना पाणी ठेवायला, घरोघर कंपनीचे डबे. भोक पडलेला डबा कुणी घरात नेत नाही. एवढा साधा हिशोब होता बाईंचा.

आता मी येतो माझ्याकडे. अध्यक्षसाहेब घड्याळाकडे पाहत आहेत, ते मला दिसतंय. साहेब, मी जरा जास्त वेळ घेणार आहे. क्षमा शेवटी एकदमच मागतो.

भोपाळचं सगळ्यांना आठवतं. त्यानंतर देशभर कायदे कडक झाले आणि एकोणनव्वद साली धोकादायक रसायनांचे नवे नियम आले. कोणतं रसायन तुमच्याकडे आहे, किती साठा आहे, त्यापासून धोका काय, कुणाला बाधा झाली तर डॉक्टरने काय करायचं, हे सगळं लिहून कळवायचं. डब्यावर लेबल हवं, आणि ते कामगाराला कळेल असं हवं. आपल्या कंपनीची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. दोन महिने बसून मी केली. एकतीस रसायनं. वळणदार अक्षर, समास सोडलेले, प्रत्येक पानावर सही. ती यादी मी घरी नेऊन बायकोला दाखवली होती, इतका मला तिचा अभिमान होता.

आपल्याकडे रसायनं होती बत्तीस. बत्तिसावं होतं ते कीटकनाशकाचा एक कच्चा माल. दहा लिटरच्या गोल डब्यांतून यायचं. नाव लांबलचक, कुणाच्या तोंडी न बसणारं, म्हणून प्लांटमध्ये त्याला नुसतं ‘त्रेचाळीस नंबर’ म्हणत. ते यादीत का नव्हतं? साठा थोडा होता, असं मी शेरा मारून ठेवलं होतं. पहिल्या वर्षी ते खरंही होतं. पुढे ऑर्डर वाढली, साठा चौपट झाला, आणि मी शेरा तसाच ठेवला. यादी आखूड असली की वरचे खूश असतात. तपासणीला प्रश्न कमी येतात. एक नवं नाव घालायचं म्हणजे लेबल आलं, मराठी माहितीपत्रक आलं, कामगारांचं प्रशिक्षण आलं. मला कुणी ‘घालू नका’ असं सांगितलं नव्हतं. मीच घातलं नाही.

आणि त्याच सुमारास स्टोअरची तक्रार आली की ड्रम वॉशिंगची बाई चांगले डबे फोडते. कोणते डबे ती फोडत होती? बरेचसे त्रेचाळीस नंबरचे. मला तिथंच कळायला हवं होतं. मी मेमो काढला. ‘कंपनीच्या मालमत्तेचे हेतुपुरस्सर नुकसान.’ ऑक्टोबर एक्याण्णव. खाली माझी सही आणि शेजारी हौसाबाईंचा अंगठा. मेमो वाचून दाखवला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “मंग रेघा मारू का नको?” मी मोठ्या मनाने सांगितलं, मारा, रेघांनी काही बिघडत नाही. त्या दिवसापासून छिन्नी कपाटात गेली.

आता जानेवारी ब्याण्णव. रविवार. आम्हा अधिकाऱ्यांच्या कुटुंबांची पोपटी ठरली होती, गडबला, एका ठेकेदाराच्या वालाच्या शेतावर. पोपटी म्हणजे काय हे या सभागृहात सांगायला नको. पण मुंबईहून आलेले दोन नवे इंजिनिअर पुढे बसले आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, कोंबडी ज्याच्या त्याच्या आवडीने भरायची, तोंडाला पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं मांडायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ करायचा. अर्ध्या तासात जो वास सुटतो त्याला तोड नाही. आम्ही दोन मडकी नेणार होतो. एक मोठ्यांचं, एक मुलांचं, बिनतिखटाचं. सकाळी गेटवर जीपमध्ये ठेवताना मुलांचं मडकं फुटलं. ड्रायव्हरने वॉचमन जनूला विचारलं, जनूने मागच्या बांधावरून एक स्वच्छ धुतलेला गोल डबा आणून दिला. पत्र्याच्या डब्यातही पोपटी छान होते, आपण सगळेच करतो. जनूचा यात दोष नाही. डबा चकचकीत होता आणि त्याला भोक नव्हतं.

हौसाबाई त्या दिवशी पहिल्या शिफ्टला होत्या. सुटायच्या आधी त्या उपडे घातलेले डबे मोजत. दोन रेघांचे पाच होते, चार निघाले. जनूला विचारलं. जनू म्हणाला, “सायबांच्या पोपटीला नेला. गडबला. पोरांचं मडकं फुटलं.” तेव्हा तीन वाजून गेले होते. फोन करायचा तर शेतात कुठला फोन?

भंगार भरायला रोह्याजवळच्या अष्टमी गावचे मुरादभाई धनसे आपला टेम्पो घेऊन गेटवर उभे होते. मुरादभाई आज इथं आले आहेत, मागच्या दाराजवळ बसले आहेत. पुढे या म्हटलं तर येत नाहीत. पुढचं मला त्यांनीच सांगितलं आहे. हौसाबाई टेम्पोत चढून बसल्या आणि म्हणाल्या, “चल.” मुरादभाईंनी विचारलं, “कुठं गो, हौसा?” “गडबला. पोरं जेवायच्या आधी.” अर्धा भरलेला टेम्पो तसाच निघाला. निडीचं फाटक बंद. मालगाडी यायची होती, यायची होती, येत नव्हती. हौसाबाईंचं घर त्या फाटकापासून हाकेच्या अंतरावर. सून घरापुढच्या खळ्यावर उभी होती, तिनं हाक मारली, “आत्या, उतरताव का?” त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुरादभाई म्हणतात, अठरा मिनिटं गाडी उभी होती आणि ही बाई अठरा मिनिटं रुळांकडे बघत होती.

इकडे आम्ही काय करत होतो? बायकांनी चटया घातल्या होत्या. माझी मुलगी वैदेही सात वर्षांची होती. ती समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे, मांडीवर तिचा मुलगा आहे. तिला मी काय बोलणार आहे हे माहीत नाही. त्या दिवशी ती आणि आणखी आठ मुलं हातात कागदाच्या डिश घेऊन जाळाभोवती फेर धरत होती. जाळ विझत आला होता. मोठ्यांचं मडकं काढलं, मुलांचा डबा काढायला कुणीतरी काठी घेतली, आणि टेम्पो बांधावर येऊन थांबला.

हौसाबाई शेतातून पळत आल्या. म्हणाल्या, “साहेब, डबा उघडू नका. दोन रेघांचा हाय.”

डबा काळाठिक्कर झाला होता. गेरू जळून गेला होता. रेघ कुठे दिसणार? तेव्हाचे वर्क्स मॅनेजर आज हयात नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेत नाही. ते म्हणाले, “कर्णिक, ही तुमची बाई आहे ना? काय म्हणते ती? काय होतं डब्यात?”

मंडळी, सगळे माझ्याकडे बघत होते. बायका, मुलं, साहेब, हौसाबाई. मला माहीत होतं. दोन रेघा म्हणजे काय हे त्या शेतात हौसाबाईंखेरीज फक्त मला माहीत होतं. माहितीपत्रक घरी माझ्या बॅगेत होतं, मी ते वाचलेलं होतं. पण ‘त्रेचाळीस नंबर’ म्हटलं असतं तर साहेबांचा पुढचा प्रश्न काय आला असता? हे यादीत का नाही?

मी म्हणालो, “साबणाचा डबा असेल, सर.”

जरा पाणी घेतो.

...हौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. खाली बसल्या, पदराने डबा धरून सुलटा केला, पाला उपसला. वाफ त्यांच्या तोंडावर आली. म्हणाल्या, “मंग मी खाते पयली. तासाभरानं पोरांना द्या.” आणि एक शेंग काढून सोलली. आमच्या वर्क्स मॅनेजर साहेबांना ते विनोदी वाटलं, ते म्हणाले, “भूक लागली असेल तर सरळ मागायचं की!” दोन-चार जण हसले.

वालाच्या शेंगेत किती दाणे असतात? त्या शेंगेत तीन होते. एक खाल्ला. मी उभा. दुसरा खाल्ला. मी उभा. तिसरा खाल्ला. मी विचार करत होतो की मी चुकत असेन, हा डबा दुसराच असेल, तीन पाण्यांनी धुतलेला आहे, काही होत नाही. मी स्वतःशी इतकं भराभर खोटं आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्यांनी दुसरी शेंग उचलली, आणि त्याच वेळी माझ्या वैदेहीने आपली डिश पुढे केली. म्हणाली, “मला पण.”

तेव्हा मी धावलो. डब्याला लाथ मारली, त्याच्यावरच पडलो, हातावर मुद्दाम माती घेतली, आणि ओरडलो, “अरे, ठेच लागली!”

मला ठेच लागली नव्हती. तिथे दगड नव्हता. नांगरलेलं मऊ शेत होतं ते.

पोपटी मातीत गेली. मुलं रडली, मोठी माणसं हसली, आणि एक गोष्ट जन्माला आली, जी आत्ता काळुरामजींनी सांगितली. मुलं वाचली. ती माझ्यामुळे वाचली, असं मी काही वर्षं मनाशी म्हणत असे. माझ्यामुळे हौसाबाईंनी तीन दाणे खाल्ले, हे मनाशी म्हणायला मला फार वर्षं लागली.

परतीच्या वाटेवर टेम्पोतच त्यांना घाम फुटला. लाळ गळायला लागली, समोरचं धूसर झालं. मुरादभाईंनी टेम्पो उलटा वळवून पेणचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, काय पोटात गेलंय? हौसाबाई सांगत होत्या, “दोन रेघांचं हाय.” डॉक्टरांना दोन रेघा कशा कळणार? डॉक्टर म्हणाले, नाव आणा, नावाशिवाय मी काय देऊ? याच्यासाठी तर ते नियम होते, मंडळी. अशा वेळी डॉक्टरांच्या हातात कागद असावा म्हणून. तो कागद पेणमध्येच, माझ्या घरी, माझ्या बॅगेत होता.

दिवेलागणीला मुरादभाई माझ्या दारात उभे राहिले. मी चहा घेत होतो. त्यांनी सांगितलं तसं मी आत गेलो, बॅग उघडली. माहितीपत्रकावर कंपनीचं नाव छापलेलं, आणि वर कोपऱ्यात माझा आवक शिक्का, तारखेसकट. तो कागद मी दिला नाही. मी एका कोऱ्या चिठ्ठीवर रसायनाचं नाव आणि त्यावरचा उतारा उतरवून काढला आणि मुरादभाईंना म्हणालो, “माझं नाव सांगू नका.”

मुरादभाईंनी चिठ्ठी खिशात घातली. म्हणाले, “साहेब, नाव औषधाचं पायजे. तुमचं कोण मागतंय?” आणि गेले. तेव्हापासून आजपर्यंत त्यांनी कुणापाशी तोंड उघडलेलं नाही. मुरादभाई, आज तुम्हाला मोकळं करतो.

औषध लागू पडलं. पाचव्या दिवशी हौसाबाई घरी आल्या, पंधराव्या दिवशी कामावर. त्या पंधरा दिवसांची नोंद त्यांच्या फाइलमध्ये ‘घरगुती कारणास्तव रजा’ अशी आहे. ती नोंद माझ्या अक्षरात आहे. आणि त्याच्या आदल्या पानावर दुसरा मेमो आहे. ‘अधिकाऱ्यांच्या खासगी कार्यक्रमात विनापरवानगी येऊन गोंधळ घातल्याबद्दल ताकीद.’ साहेबांनी काढायला सांगितला आणि मी काढला. त्या दोन मेमोंमुळे हौसाबाई कधी मुकादम झाल्या नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तिघी झाल्या.

आपण म्हणाल, कर्णिकांनी पुढे काहीच केलं नाही का? केलं की! पुढच्या तिमाहीत मी त्रेचाळीस नंबर गुपचूप यादीत घातलं. लेबलं मराठीत छापून घेतली. आणि एक परिपत्रक काढलं, की घातक रसायनांचे सर्व रिकामे डबे तळाला भोक पाडूनच बाहेर काढावेत. हौसाबाईंची छिन्नी कपाटातून बाहेर आली. फक्त आता ती माझ्या सहीने आली होती. दोन वर्षांनी हेड ऑफिसने सुरक्षिततेचा पुरस्कार दिला. कुणाला? मला. कशासाठी? ‘रिकाम्या डब्यांना छिद्र पाडण्याची अभिनव पद्धत’ सुरू केल्याबद्दल.

मगापासून ही पिशवी मी मांडीवर का धरून बसलो होतो, असं काही जणांना वाटलं असेल. ते प्रमाणपत्र यात आहे, फ्रेमसकट. चौदा वर्षं माझ्या दिवाणखान्यात टांगलेलं होतं. काल काढलं. भिंतीवर चौकोनी डाग राहिला आहे, बायको विचारते तिथं काय लावायचं. हे मी हौसाबाईंना देत नाही. माझं नाव लिहिलेला कागद त्यांनी घरी नेऊन काय करायचा? हे मी अध्यक्षसाहेबांपुढे ठेवतो, परत करण्यासाठी. आणि त्याच्या शेजारी हा दुसरा कागद ठेवतो. हा माझा जबाब आहे. आत्ता बोललो ते सगळं त्यात आहे, तारखांसकट, सहीसकट. सोबत त्या माहितीपत्रकाची प्रत आहे, कोपऱ्यातला शिक्का स्पष्ट दिसतो.

गायकर साहेब, हौसाबाईंची फाइल आज संध्याकाळी बंद होणार. मीही तीस वर्षं फाइलीत काढली आहेत. एकदा बंद झालेली फाइल कुणी उघडत नाही, ती माळ्यावर जाते आणि वाळवी खाते. ती बंद होताना त्यात हौसाबाई नुकसान करणारी आणि गोंधळ घालणारी बाई म्हणून राहता कामा नये. दोन्ही मेमो रद्द झाल्याचा शेरा आज पडावा आणि हा जबाब त्याला जोडला जावा, अशी माझी विनंती आहे. यातून माझ्यावर काय यायचं ते येवो. वैदेही, तू अशी बघू नकोस. घरी बोलू.

...थांबा, हौसाबाई काही म्हणत आहेत. माईक द्या त्यांना. नको? मग मीच सांगतो त्या काय म्हणाल्या, कारण मागच्यांना ऐकू गेलं नसेल. त्या म्हणाल्या, “साहेब, मना ठावं व्हतं. ठेच लागलेला मानूस पयला पायाकडं बगतो. तुमी माज्या हाताकडं बगत व्हता.”

सोळा वर्षं, मंडळी! सोळा वर्षं ही गोष्ट रंगत होती, आणि दर वेळी हौसाबाई चहाचे कप गोळा करत तिथंच कुठंतरी ऐकत होत्या.

मला आणखी बोलता येणार नाही. मला बोलावल्याबद्दल व्यवस्थापनाचे आणि युनियनचे आभार. पुढच्या वेळी बोलावताना आपण विचार कराल, याची मला कल्पना आहे. मुरादभाईंचे आभार. त्या दिवशी फाटकापाशी टेम्पो न वळवल्याबद्दल, आणि नंतर वळवल्याबद्दल. हौसाबाईंना निरोगी आयुष्य लाभो असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? पण म्हणतो. वेळेचं भान राहिलं नाही, आनंदाच्या कार्यक्रमात मिठाचा खडा टाकला, मोठ्यांसमोर लहान तोंडी मोठा घास घेतला, त्याबद्दल सभागृहाने मोठ्या मनाने क्षमा करावी. गडबच्या शेतात जे झालं त्याची क्षमा मात्र मी मागत नाही. ते क्षमा मागून मिटण्यातलं नाही, ते लिहून निघालं पाहिजे.

गायकर साहेब, कागद आपल्यासमोर आहे. पेन हवं असेल तर माझ्या खिशात आहे.